डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांचा व्यायाम : ग्वाल्हेरच्या केंद्रापासून गावच्या मैदानापर्यंत

ग्वाल्हेर आणि शारीरिक शिक्षण यांचे नाते जुने आहे. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, झाशीच्या राणीच्या नावाने तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. राणीला वीरमरण आले ते याच शहराच्या भूमीवर. आज ती संस्था लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था या नावाने अभिमत विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि देशातील असंख्य क्रीडाशिक्षक तेथून घडले आहेत. शिंद्यांच्या या जुन्या राजधानीत २ ऑक्टोबर २०२३ रोजी आणखी एका संस्थेची भर पडली. अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव दिलेल्या दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ साली सुमारे १७१ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिलेल्या या प्रकल्पात धावपट्टी, बंदिस्त क्रीडागृह, जलतरण तलाव आणि खेळाडूंच्या निवासाची सोय यांचा समावेश आहे.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात बर्लिन येथे झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या जागतिक उन्हाळी स्पर्धेत भारताच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंनी ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य अशी एकूण २०२ पदके मिळवली होती. पदकांची ही संख्या वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात डाउन सिंड्रोम असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरचा प्रश्न पदकाचा नसतो. विशेष शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास संपते, मैदान सुटते, सवंगडी पांगतात आणि ते मूल दिवसभर घरात, बहुधा दूरचित्रवाणीसमोर, बसून राहते. वजन वाढू लागते, जिना चढताना दम लागतो आणि आई-वडिलांचे वय मात्र पुढे सरकत असते. ग्वाल्हेरच्या केंद्रात निवडक खेळाडू जातील. उरलेल्यांचे आरोग्य गावच्या मैदानावर आणि घरच्या ओसरीवरच घडायचे आहे. त्यासाठी पालकांना व शिक्षकांना ठाऊक असायला हव्यात अशा गोष्टी या लेखात एकत्र केल्या आहेत.

अवस्था, आजार नव्हे

माणसाच्या प्रत्येक पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि एकूण संख्या ४७ होते. इंग्रज वैद्य जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे गुणसूत्रीय कारण फ्रेंच संशोधक जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. या तिसऱ्या प्रतीची आठवण म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख, म्हणजे २१ मार्च, हा दिवस जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघही २०१२ पासून तो पाळतो. ही अवस्था संसर्गाने येत नाही, आई-वडिलांच्या कोणत्याही कृतीमुळे येत नाही आणि औषधाने जातही नाही. ती व्यक्तीबरोबर जन्मभर राहते.

हे 'जन्मभर' आता पूर्वीपेक्षा बरेच लांबले आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते; आज ते साठीच्या घरात गेले आहे. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया हे याचे मोठे कारण होय. ज्या मुलाला वीस-पंचवीस वर्षे जपायचे असे पूर्वी गृहीत धरले जाई, त्याच्यापुढे आता प्रौढपणाची तीन-चार दशके उभी आहेत. त्या दशकांत त्याने स्वतः आंघोळ करावी, बसची पायरी चढावी, बाजाराची पिशवी उचलावी, जमल्यास एखादे काम करावे, हे सारे त्याच्या पायांतील आणि हातांतील बळावर अवलंबून राहील. व्यायामाचा खरा हेतू हा आहे.

शरीर कसे वेगळे असते

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या शरीराची काही वैशिष्ट्ये व्यायाम ठरवताना ध्यानात घ्यावी लागतात.

पहिले वैशिष्ट्य स्नायूंचा शिथिलपणा. तान्हेपणी असे मूल हातात घेतले की ते सैल वाटते. मान धरणे, बसणे, चालणे हे टप्पे त्यामुळे उशिरा येतात. वाढत्या वयात शिथिलपणा कमी झाला तरी स्नायूंचे बळ समवयस्कांपेक्षा कमीच राहते.

दुसरे, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. पाय सहज डोक्यापर्यंत नेणारे किंवा जमिनीवर पूर्ण फाकवून बसणारे मूल पाहून 'अंग किती लवचिक आहे' असे कौतुक होते. वस्तुतः हा लवचिकपणा गुण नसून सांध्याच्या दुबळेपणाची खूण आहे. गुडघ्याची वाटी सरकणे, तळपाय सपाट होणे, नितंबाचा सांधा अस्थिर होणे असे त्रास यातूनच उद्भवतात. म्हणून या मुलांना ताणाचे व्यायाम थोडे आणि बळाचे व्यायाम अधिक द्यावे लागतात. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की सैल अस्थिबंधांचे बरेचसे काम ते उचलतात.

तिसरे, हृदयाचा वेग. जोरकस व्यायामात या तरुणांच्या हृदयाचे ठोके समवयस्कांइतके वर जात नाहीत; कमाल वेग साधारणपणे मिनिटाला २५ ते ३० ठोक्यांनी कमी राहतो. हृदय निकोप असले तरी असे घडते, कारण श्रमाच्या वेळी हृदयाला वेग देणारी चेतासंस्थेची प्रतिक्रिया मंद असते. व्यायामशाळेच्या भिंतीवर '२२० वजा वय' असे सूत्र लिहिलेले आढळते. ते येथे लागू पडत नाही. वीस वर्षांच्या तरुणाला त्या सूत्राने मिनिटाला २०० ठोके हा कमाल आकडा मिळेल. डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणासाठी संशोधकांनी मांडलेल्या सूत्राने तो १६८ च्या आसपास येतो. चुकीच्या आकड्याच्या मागे लागलेला प्रशिक्षक मुलाला 'आळशी' ठरवतो, आणि मूल बिचारे आपल्या शक्तीच्या शेवटाला पोहोचलेले असते. त्यापेक्षा साधी कसोटी बरी : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा श्रम मध्यम समजावा.

चौथे, विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करते ती ऊर्जा अनेकांत कमी असते. तेवढेच जेवून भाऊ सडपातळ राहतो आणि या मुलाचे वजन वाढते, याचे एक कारण हे आहे. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे व झोपेत श्वास अडकणे हे दोन त्रासही या अवस्थेत पुष्कळ आढळतात. दोन्हींमुळे दिवसा मरगळ येते आणि वजन चढते.

आरंभापूर्वीची तपासणी

जन्मणाऱ्या अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यामुळे जन्मानंतर लगेच हृदयाची इको तपासणी व्हावी, हा नियम आहे. ती राहून गेली असेल तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी अवश्य करून घ्यावी. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञाला थेट विचारावे : कोणता श्रम चालेल, कोणता नको? 'जपा' एवढ्या मोघम उत्तरावर थांबू नये. दोष दुरुस्त झालेल्या बहुतेक मुलांना चालणे, पोहणे, नाचणे, खेळणे यांची मुभा असते, आणि मोघम सल्ल्यामुळे ती वर्षानुवर्षे बसून राहतात.

दुसरी काळजी मानेची. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील अस्थिबंध सैल असल्याने काहींमध्ये तेथे अस्थैर्य असते. क्ष-किरण चित्रात ते साधारण १० ते २० टक्के व्यक्तींत दिसते. मज्जारज्जूवर दाब येऊन त्रास सुरू होणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे. लक्षणे नसलेल्या प्रत्येक मुलाचे क्ष-किरण चित्र काढण्याचा आग्रह आता धरला जात नाही, कारण एका वेळचे निर्दोष चित्र पुढची हमी देत नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी चेतासंस्थेची तपासणी करावी आणि पालकांनी पुढील लक्षणांवर कायम लक्ष ठेवावे : मान दुखणे किंवा एका बाजूला कलणे, चालण्याची ढब बदलणे, वारंवार अडखळणे, हातांतील पकड सैल होणे, पूर्वी आलेला लघवी-शौचावरील ताबा जाणे. यांतील एकही लक्षण नव्याने दिसले तर व्यायाम त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

मान जोरात वाकवणारे किंवा तिच्यावर भार टाकणारे प्रकार तज्ज्ञांच्या संमतीशिवाय टाळणेच इष्ट. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मत्स्यासन, कोलांटउडी, पाण्यात डोक्यावर सूर मारणे, ट्रॅम्पोलिनवर उड्या, फुटबॉलमध्ये डोक्याने चेंडू मारणे ही त्याची उदाहरणे. योगासने शिकवणाऱ्याला ही यादी आधीच द्यावी. ताडासन, वृक्षासन, भिंतीला टेकून उत्कटासन आणि संथ श्वसन यांना सहसा हरकत नसते.

यांशिवाय थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी. डोळे व कान यांचीही नियमित पाहणी व्हावी. सूचना न ऐकणारे मूल हट्टी असते असे नाही, कधी त्याला खरोखरच ऐकू येत नसते. टाच घट्ट धरणारे, कडक तळाचे बूट हा या मुलांच्या व्यायामातील सर्वांत मोलाचा खर्च समजावा.

किती आणि कोणता व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळा विचार केला आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन किंवा अधिक दिवस बळाचे व्यायाम करावेत, असे ते सांगते. आज काहीच न करणाऱ्याने थेट या आकड्यांपाशी पोहोचण्याची घाई करू नये. दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत.

दमाचे व्यायाम : भरभर चालणे, पोहणे, नाच आणि सायकल. पाण्यात शरीराचा भार सांध्यांवर येत नाही, म्हणून जड वजनाच्या मुलांसाठी पोहणे उत्तम. संगीताची ओढ या मुलांत सर्रास दिसते. फुगडी, शिगम्यातील नाच, लेझीम यांत दम, ताल आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. लेझमीत वाकणे व उठणे असल्याने पायांनाही बळ मिळते.

बळाचे व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर जोर काढणे, एका पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या वर उचलणे, रबरी पट्टा छातीकडे ओढणे. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, मधे विश्रांती घेऊन दोन किंवा तीन फेऱ्या. बारावी आवृत्ती कष्टाची वाटली पाहिजे. ती सोपी झाली की बाटली मोठी घ्यावी. सांधे सैल असल्याने कोपर व गुडघा पूर्ण मागे ढकलून 'कुलूप' लावू देऊ नये, ते किंचित वाकलेले राहावेत.

तोलाचे व्यायाम : जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवरून चालणे, एका पायावर उभे राहणे, चेंडू फेकणे व झेलणे. रोज पाच मिनिटे पुरेत.

आठवड्याची आखणी अशी करता येईल : सोमवार, बुधवार व शनिवारी अर्धा तास चालणे किंवा नाच, मंगळवार व शुक्रवारी बळाचे व्यायाम, रविवारी कुटुंबासह पोहणे किंवा समुद्रकिनारी फेरी, गुरुवारी विश्रांती. दमट हवेत सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास व्यायाम करावा आणि पाणी मागण्याची वाट न पाहता आपणच द्यावे.

शिकवण्याची रीत

डाउन सिंड्रोम असलेली मुले ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. म्हणून लांबलचक सूचना देण्याऐवजी व्यायाम स्वतः करून दाखवावा. एका वेळी एकच पायरी सांगावी आणि सांगितल्यावर गप्प राहून काही क्षण थांबावे. त्यांना उत्तर देण्यास थोडा अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण दुसरी सूचना दिली की पहिली हरवते. व्यायामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत. जागा, वेळ आणि क्रम शक्यतो तोच ठेवावा. दोन व्यायामांतून एक निवडण्याची मोकळीक द्यावी, म्हणजे हट्टाचे प्रसंग कमी होतात. बक्षीस म्हणून गोड पदार्थ देऊ नयेत. तक्त्यावर स्वतःच्या हाताने केलेली खूण त्यांना पुरेशी आवडते.

पूर्वी उत्साही असलेले मूल अचानक व्यायामाला नकार देऊ लागले तर रागावण्याआधी कारण शोधावे. थायरॉइड, झोप, दुखणे, पाळीचा त्रास किंवा मनाचे नैराश्य यांपैकी काही असू शकते, आणि ते शब्दांत सांगणे त्याला कठीण जाते.

संशोधन काय सांगते

ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या प्राध्यापक नोरा शील्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ ते २२ वर्षे वयाच्या ६८ तरुणांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, सार्वजनिक व्यायामशाळेत बळाचे व्यायाम केले. प्रत्येकाच्या जोडीला फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी होता. हातापायांचे बळ स्पष्टपणे वाढले. मात्र पेट्या रचण्यासारख्या कामांच्या चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. यातून दोन धडे मिळतात : स्नायू बळकट होतात याबद्दल शंका नको; आणि त्या बळाचा उपयोग रोजच्या कामात व्हावा असे वाटत असेल तर ते कामही वेगळे शिकवावे लागते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डेल उलरिच यांच्या गटाने ८ ते १५ वर्षांच्या मुलांना दुचाकी सायकल शिकवून पाहिली. पाच दिवसांच्या शिक्षणानंतर ५६ टक्के मुले स्वतः सायकल चालवू लागली, आणि वर्षभरानंतर ती न शिकलेल्यांपेक्षा कमी वेळ बसून असल्याचे आढळले. एखादे कौशल्य हाती आले की हालचाल आपोआप वाढते, हे त्यातून दिसते.

सातत्याचे टोकाचे उदाहरण फ्लोरिडातील ख्रिस निकिक यांचे. ७ नोव्हेंबर २०२० रोजी, २१ व्या वर्षी, आयर्नमॅन शर्यत पूर्ण करणारे ते डाउन सिंड्रोम असलेले पहिले खेळाडू ठरले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन त्यांनी १६ तास ४६ मिनिटांत पार केली. रोज एक टक्का सुधारणा, एवढाच त्यांचा संकल्प होता. प्रत्येकाने आयर्नमॅन व्हावे असे नाही. शर्यतीत त्यांच्या सोबतीला शेवटपर्यंत एक जोडीदार होता, ही गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची.

स्पर्धा आणि हक्क

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी स्पेशल ऑलिंपिक्सची चळवळ उभी केली. तिची पहिली स्पर्धा जुलै १९६८ मध्ये शिकागोत झाली. भारतात 'स्पेशल ऑलिंपिक्स भारत' हे काम पाहते. येथे खेळाडूंना क्षमतेनुसार गटांत विभागतात, त्यामुळे संथ धावणाऱ्यालाही आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात असा 'युनिफाइड' प्रकारही आहे. पॅरालिंपिकमध्ये डाउन सिंड्रोमसाठी स्वतंत्र वर्ग नाही. म्हणून केवळ या खेळाडूंसाठी 'ट्रायसोम गेम्स' ही स्पर्धा २०१६ साली फ्लॉरेन्स येथे सुरू झाली.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ३० नुसार दिव्यांगांच्या खेळातील सहभागासाठी उपाय योजणे आणि क्रीडासुविधा त्यांना वापरता येतील अशा करणे ही शासनाची जबाबदारी आहे. मैदान किंवा तलाव वापरू देण्याची विनंती करणारा पालक, म्हणजे, उपकार मागत नसतो.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर अडचण इमारतींची नाही. ग्वाल्हेरच्या केंद्राचे उद्घाटन झाले त्याच ऑक्टोबर महिन्यात गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेला आरंभ झाला आणि कांपाल, फातोर्डा, फोंडा, पेडे येथील क्रीडासंकुले देशाने पाहिली. त्याच वर्षीच्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल महोत्सव भरला आणि दिव्यांगांच्या सहभागाचा विषय राज्यभर पोहोचला. पर्वरीचे संजय विशेष शिक्षण केंद्र किंवा फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांत शिक्षक आहेत आणि मुलेही आहेत. उणीव आहे ती शाळा सुटल्यानंतरच्या वर्षांची व्यवस्था करण्याची : आठवड्यातून दोन ठरलेले तास, एक ठरलेली जागा आणि सोबतीला येणारा एक तरुण. ऑस्ट्रेलियातील प्रयोगात हे काम विद्यार्थ्यांनी केले. आपल्याकडे शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी व परिचर्या यांचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, गावचे क्रीडामंडळ यांना ते करता येईल. त्यासाठी लागणारे साहित्य खुर्ची, पायरी, पाण्याच्या बाटल्या आणि खडू एवढेच आहे.

घरी सुरुवात करणाऱ्या पालकांनी आजची एक नोंद करून ठेवावी : आपला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठते आणि दहा मिनिटांत किती अंतर चालते. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजावे. आकडा वाढलेला दिसला की तो मुलाला दाखवावा. पुढचे दहा आठवडे तेच आपल्याला हाताला धरून मैदानावर नेईल.